फायब्रोस्कॅनचा आकडा उतरला, मग एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी कशाला?

नमस्कार. तुम्ही लिहिलंत ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. मुलगी १५ वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी कावीळ झाली, एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजाराच्या वर गेलं, बायोप्सी (सुईने यकृताचा छोटा तुकडा काढून तपासणं) होऊन ऑटोइम्यून हिपॅटायटिसचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच यकृतावर हल्ला करण्याच्या आजाराचं, निदान झालं. त्याच आठवड्यातला फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, १७.८ किलोपास्कल (कडकपणाचं एकक) होता, परवाचा ८.२ आला. एसजीपीटी आता नॉर्मल आहे. तरी डॉक्टर एमआरआय आणि एमआरसीपी (एमआरआयवरच काढलेलं पित्तनलिकांचं चित्र) करून घ्या म्हणतात, आणि पुढे कधी औषधं थांबवायची वेळ आली तर पुन्हा बायोप्सी लागेल असंही त्यांनी आत्ताच सांगून ठेवलं आहे. तुमचं म्हणणं असं की स्कॅनमध्ये इतकी सुधारणा दिसत असताना आणखी एक स्कॅन कशाला, आणि पोरीला परत सुई टोचण्यापेक्षा स्कॅनवरच का भागवू नये?

मी रेडिओलॉजिस्ट आहे. मुलांच्या यकृताचे एमआरआय आणि इलास्टोग्राफी (कडकपणाचे स्कॅन) वाचणं हे माझं रोजचं काम. औषध कोणतं, किती आणि कधी कमी करायचं हे तुमच्या हिपॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे यकृततज्ज्ञांनी, ठरवायचं. त्यात मी पडत नाही. आकड्यांचा अर्थ काय आणि तो किती ताणायचा, एवढ्यावर मात्र बोलू शकते. उत्तर आधीच देऊन टाकते: एमआरसीपी करून घ्या. बायोप्सीचा निर्णय आज घ्यायचाच नाहीये, त्यामुळे ती काळजी आज बाजूला ठेवा. आणि १७.८ वरून ८.२ ही बातमी चांगलीच आहे, फक्त तिचा अर्थ तुम्ही लावलात त्यापेक्षा थोडा वेगळा आहे.

या आजारात डॉक्टरांना तीन निरनिराळ्या गोष्टी जाणून घ्यायच्या असतात, आणि घरच्यांपर्यंत त्या ‘लिव्हर आता कसं आहे’ अशा एकाच प्रश्नात गुंडाळून पोचतात. यकृताला आत्ता सूज किती आहे? आजवरच्या सुजेने किती व्रण पडले, म्हणजे फायब्रोसिस किती? आणि आजार यकृताच्या पेशींपुरताच आहे की पित्तनलिकांनाही त्याने धरलं आहे? फायब्रोस्कॅन पहिल्या दोन गोष्टींचं मिश्रण एका आकड्यात देतो. तिसरीबद्दल तो काहीच सांगत नाही. एमआरसीपी फक्त तिसरीबद्दल बोलतं. बायोप्सी पहिल्या दोन्ही वेगवेगळ्या करून दाखवते, पण यकृताच्या अगदी छोट्या तुकड्यापुरत्या. म्हणजे एक तपासणी दुसरीची जागा घेते का, हे विचारण्याआधी आपल्याला या तिन्हींतलं नेमकं काय हवंय ते ठरवावं लागतं.

आता तुमचा आकडा. फायब्रोस्कॅन यंत्र त्वचेवरून एक हलकी थाप देतं, त्या थापेची लाट यकृतातून किती वेगाने जाते ते अल्ट्रासाउंडने पाहतं, आणि वेगावरून कडकपणा काढतं. लाट जितकी वेगाने जाईल तितकं यकृत कडक. यंत्राचं काम इथे संपतं. यकृत कशामुळे कडक झालं हे त्याला कळत नाही. घोटा मुरगळला की दाबून पाहिल्यावर टणक लागतो, पण आत हाड वाढलेलं नसतं. सुजेने ताण आलेला असतो. यकृताचंही तसंच. पेशींच्या सुजेने कडकपणा वाढतो, पित्त तुंबलं की वाढतो, हृदयाच्या त्रासामुळे यकृतात रक्त साचलं तरी वाढतो. फायब्रोसिस हे त्यातलं एकच कारण.

तुमच्या मुलीचा पहिला स्कॅन ऐन काविळीत, एसजीपीटी हजाराच्या वर असताना झाला. त्या वेळचे १७.८ म्हणजे सूज, तुंबलेलं पित्त आणि असतील तेवढे व्रण, असं सगळं मिळून. मोठ्या माणसांसाठीच्या तक्त्यात हा आकडा सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत व्रणांनी भरून जाण्याच्या, रकान्यात बसतो, आणि मला खात्री आहे की तुम्ही तो तक्ता शोधून पाहिला असणार. तसे तक्ते बहुतेक करून विषाणूजन्य हिपॅटायटिस असलेल्या प्रौढांवरून बनलेले आहेत. ऐन सुजेतल्या १५ वर्षांच्या मुलीला ते लावता येत नाहीत. रिपोर्टवर यंत्राने आपणहून ‘एफ ४’ (फायब्रोसिसची शेवटची पायरी) छापलं असेल तर त्याकडे दुर्लक्ष करा. पहिल्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये फायब्रोसिसची जी पायरी लिहिली आहे ती खरी धरा.

मग आठ महिन्यांत कडकपणा निम्म्याहून कमी झाला तो कशामुळे? मुख्यतः सूज उतरल्यामुळे. स्टिरॉइड आणि अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं लागू पडली की सूज काही आठवड्यांत, महिन्यांत ओसरते. व्रणाचे तंतू इतक्या लवकर विरघळत नाहीत. या आजारात ते मागे हटू शकतात ही फार आशेची गोष्ट आहे, पण तो हिशोब वर्षांचा असतो. जर्मनीतल्या यकृततज्ज्ञांनी २०१६ मध्ये प्रौढ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. उपचाराच्या पहिल्या तीन महिन्यांत मोजलेला कडकपणा बायोप्सीतल्या सुजेशी जुळत होता, फायब्रोसिसशी नाही. सहा महिने उपचार झाल्यावर मोजला तेव्हा मात्र तो फायब्रोसिसशी चांगला जुळू लागला. अभ्यास मोठ्यांवरचा असला तरी कारण शरीराच्या कामकाजातलं आहे, आणि मुलांचे रिपोर्ट वाचताना मला रोज तेच दिसतं.

म्हणून मी ८.२ ला तुमच्या मुलीचा पहिला भरवशाचा आकडा मानेन. इथून पुढची तुलना या आकड्याशी करायची, १७.८ शी नाही. निरोगी मुलांमध्ये हा आकडा साधारण ४ ते ५ च्या आसपास असतो, म्हणजे ८.२ अजून वरच आहे. त्यात थोडी रेंगाळलेली सूज असेल, थोडे व्रण असतील. दोन्हींचं प्रमाण या आकड्यावरून सांगता येत नाही. रक्तातला आयजीजी, म्हणजे या आजारात वाढणारं प्रतिपिंडांचं प्रमाण, काय म्हणतो ते पाहा. एसजीपीटी नॉर्मल आणि आयजीजी अजून वर, अशी जोडी असेल तर आत सूज चालू असण्याची शक्यता बरीच. दोन्ही नॉर्मल असतील आणि पहिल्या बायोप्सीत फायब्रोसिस बऱ्यापैकी असेल, तर ८.२ मधला मोठा वाटा व्रणांचा असेल. तुम्ही आयजीजीचा आकडा लिहिलेला नाही, म्हणून मी इथेच थांबते.

मोजमापाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घरचे लोक दोन रिपोर्ट शेजारी ठेवतात आणि ते एकाच मापाने मोजलेले नसतात.

पहिली गोष्ट प्रोबची, म्हणजे यंत्राच्या त्वचेवर टेकवायच्या भागाची. मुलांसाठी लहान प्रोब असतात आणि निवड छातीच्या घेरावरून होते: ४५ सेंटिमीटरपर्यंत सर्वांत लहान, ४५ ते ७५ पर्यंत मधला, ७५ च्या पुढे मोठ्यांचा नेहमीचा एम प्रोब. स्टिरॉइडवर आठ महिन्यांत वजन वाढून घेर बदललेला असू शकतो. दोन प्रोबचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. दुसरी गोष्ट उपाशी पोटाची. जेवणानंतर यकृताकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि कडकपणा आपोआप वर जातो, म्हणून किमान तीन तास काही खाल्लेलं नको. तिसरी गोष्ट रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात असते. किमान १० वेळा मोजून त्यातला मध्य घेतात, आणि मोजण्यांमधला फरक किती ते आयक्यूआर या नावाने टक्क्यांत लिहितात. तो मध्याच्या ३० टक्क्यांहून जास्त असेल तर आकडा डळमळीत. माझ्याकडे कोणी जुना रिपोर्ट आणला की मी मुख्य आकड्याच्या आधी ही ओळ बघते.

चौथी गोष्ट सगळ्यांत फसवी, आणि तुमच्या बाबतीत ती लवकरच समोर येणार आहे. तुमचा एमआरआय जिथे होणार तिथे एमआर इलास्टोग्राफीची सोय असेल तर त्याचा निकालही किलोपास्कलमध्येच येईल. पण ते किलोपास्कल वेगळे. फायब्रोस्कॅन ज्या प्रकारचा ताठपणा मोजतो, त्याचा साधारण एक तृतीयांश म्हणजे एमआर इलास्टोग्राफीचा आकडा. सूत्रच तसं आहे. एमआरमध्ये निरोगी यकृत साधारण अडीचच्या आत असतं. म्हणजे उद्या तुमच्या हातात २.९ पडले तर ‘८.२ वरून २.९, केवढी सुधारणा’ असं समजू नका. ते जवळपास तेच यकृत असेल. आणि कोणी सोनोग्राफीच्या यंत्रावर शिअर वेव्ह (लाटेच्या वेगावरून कडकपणा काढणारी पद्धत) करून दिलं तर आकडा मीटर प्रति सेकंदात असू शकतो. १.६ मीटर प्रति सेकंद म्हणजे गणिताने साधारण ७.७ किलोपास्कल. तरी प्रत्येक कंपनीच्या यंत्राची लाट वेगळी, त्यामुळे रूपांतर करूनही तुलना काटेकोर होत नाही. एक यंत्र धरा आणि वर्षानुवर्षं त्यावरच मोजत राहा. शक्य असेल तर केंद्रही तेच ठेवा.

आता एमआरसीपी. तुमच्या डॉक्टरांचा आग्रह मला पूर्ण पटतो, कारण मुलांमध्ये हा आजार मोठ्यांपेक्षा वेगळा वागतो. बायोप्सी आणि रक्त पाहून ऑटोइम्यून हिपॅटायटिस वाटणाऱ्या बऱ्याच मुलांमध्ये पित्तनलिकाही आजारी असतात. त्याला ऑटोइम्यून स्क्लेरोझिंग कोलँजायटिस म्हणतात. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलने १६ वर्षं मुलांचा पाठपुरावा करून २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथे प्रत्येक मुलाच्या पित्तनलिकांचं चित्र सुरुवातीलाच काढलं गेलं होतं. ५५ पैकी २७ मुलांच्या नलिकांमध्ये बिघाड सापडला. त्यातल्या काहींच्या बायोप्सीत नलिकांच्या आजाराची खूणही नव्हती. चित्र काढलं नसतं तर ती मुलं साध्या ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या खात्यात गेली असती. मुलांच्या पचनसंस्था आणि यकृताच्या तज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेने, म्हणजे एस्पगानने, २०१८ मध्ये जे मार्गदर्शन दिलं त्यातही या मुलांच्या पित्तनलिकांचं चित्र सुरुवातीलाच काढावं असं म्हटलं आहे.

याने फरक काय पडतो? स्टिरॉइडने पेशींची सूज दोन्ही आजारांत उतरते, एसजीपीटी दोन्हींत खाली येतं. पित्तनलिकांचा आजार मात्र स्टिरॉइडला तितकासा दाद देत नाही आणि आतल्या आत पुढे सरकू शकतो. शिवाय त्याच्यासोबत आतड्याला सूज येण्याचं प्रमाण मोठं आहे, म्हणून नलिका बिघडलेल्या दिसल्या की पोट दुखत नसलं तरी डॉक्टर शौचाची कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या सुजेची) तपासणी सांगतात आणि गरज पडल्यास कोलोनोस्कोपी करतात. पुढची देखरेखच वेगळ्या वाटेने जाते.

इथे एक रक्ततपासणी बघून ठेवा: गॅमा जीटी, म्हणजे पित्तनलिकांना त्रास झाला की वाढणारं एन्झाइम. मोठ्या माणसांत पित्तनलिकांसाठी अल्कलाइन फॉस्फेटेज पाहतात, पण वाढत्या वयात हाडांमुळे ते मुळातच जास्त असतं, त्यामुळे मुलांमध्ये त्यावर विसंबता येत नाही. गॅमा जीटी हाडांतून येत नाही. एसजीपीटी नॉर्मल होऊनही गॅमा जीटी वर रेंगाळत असेल तर एमआरसीपी लांबणीवर टाकू नका. गॅमा जीटी नॉर्मल असेल तर घाई नाही, पण एकदा तरी करून ठेवावं या मताची मी आहे.

आठ महिने उशीर झाला का, असंही तुमच्या मनात आलं असेल. सुरुवातीला झालं असतं तर उत्तम, पण आत्ता करण्याचाही एक फायदा आहे. ऐन सुजेत यकृत इतकं फुगलेलं असतं की आतल्या बारीक नलिका दबून जातात आणि चित्रात नीट उमटत नाहीत. सूज उतरल्यावर चित्र स्पष्ट येतं.

एमआरसीपीमध्ये काय बघतो तेही सांगते. त्यात बाहेरून रंग टोचायचा नसतो. स्थिर किंवा संथ द्रव पांढराशुभ्र चमकावा आणि बाकी सगळं काळं पडावं अशा पद्धतीने एमआरआय चालवतात, त्यामुळे पित्ताने भरलेल्या नलिका झाडाच्या फांद्यांसारख्या उठून दिसतात. आजारी नलिका कुठे अरुंद, कुठे फुगलेली, अशी मण्यांच्या माळेसारखी दिसते. मुलांच्या नलिका मुळातच बारीक असतात आणि श्वास हलला की चित्र पुसट होतं. म्हणून इथे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. मुख्य नलिकेवरून यकृताची धमनी आडवी जाते, आणि तिच्या ठोक्यांमुळे नलिका तिथे चिमटल्यासारखी दिसते. अननुभवी नजरेला ते अरुंद होणं वाटतं. सिरॉसिसपर्यंत गेलेल्या यकृतात बारीक नलिका ओढल्या जाऊन वाकड्या होतात आणि पित्तनलिकांचा आजार नसतानाही तसा भास होतो. दुसऱ्या बाजूला, आजार अगदी सूक्ष्म नलिकांमध्ये असेल तर एमआरसीपी स्वच्छ येतं आणि तरीही आजार असतो. तिथे पुन्हा बायोप्सीच बोलते. म्हणून ज्या रिपोर्टमध्ये ‘किंचित अनियमितता’ एवढंच लिहिलं आहे, त्यावर मुलीला नवं निदान चिकटवू देऊ नका. मुलांचे एमआरसीपी नेहमी वाचणाऱ्या कोणाला तरी मूळ चित्रं दाखवा. आणि केवळ निदानासाठी कोणी ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकांत रंग सोडण्याची तपासणी) सुचवली तर कारण विचारा. तिच्यात स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून ती आता मुख्यतः अडथळा काढण्यासारख्या उपचारांसाठी राखून ठेवतात.

एकदा एमआरआयमध्ये झोपवलंच आहे तर त्याच वेळात आणखी काही मिळवता येतं. एमआर इलास्टोग्राफीचं वर आलंच. तिचा मोठा गुण म्हणजे ती यकृताचा बराच मोठा भाग पाहते. फायब्रोस्कॅन बोटाएवढ्या एका पट्ट्यात मोजतो, आणि बायोप्सीचा तुकडा म्हणजे यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग. हा आजार यकृतात सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे मोठा भाग दिसण्याला किंमत आहे. दुसरी पद्धत टी-वन मॅपिंगची. यकृतात सूज किंवा व्रण आले की पेशींबाहेरचं पाणी वाढतं, आणि टी-वन नावाचा वेळ, जो मिलिसेकंदांत मोजतात, तो लांबतो. लोह जास्त असेल तर उलट आखडतो, म्हणून लोह वेगळं मोजून आकडा सुधारून घेतात. पोलंडमधल्या बालरुग्णांवर या पद्धतीचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे आणि दिशा आश्वासक आहे. पण टी-वनही सूज आणि व्रण यांत फरक करत नाही, आणि यंत्राच्या चुंबकाच्या ताकदीप्रमाणे आकडे बदलतात. तुमच्या केंद्रात सोय असेल तर घ्या, पुढच्या तुलनेला उपयोगी पडेल. नसेल तर त्यासाठी दुसरीकडे धावू नका.

त्याच एमआरआयमध्ये चरबीचं प्रमाणही आवर्जून मोजून घ्या. स्टिरॉइडवर वजन वाढलेल्या किशोरवयीन मुलांत यकृतात चरबी साठते, आणि तिच्यामुळे एसजीपीटी पुन्हा थोडं चढू शकतं. मग आजार उलटला असं समजून औषध वाढवलं जातं, वजन आणखी वाढतं. चरबीचा आकडा हातात असेल तर हा घोळ टळतो. साधारण ५ टक्क्यांच्या वर गेलं की चरबी जास्त धरतात.

साध्या सोनोग्राफीला कमी लेखू नका. यकृताचा पृष्ठभाग, प्लीहेची लांबी, पोटातलं पाणी, मुख्य शिरेतला प्रवाह हे सगळं ती दाखवते. प्लीहा वर्षागणिक वयाच्या मानाने जास्त वाढत असेल आणि प्लेटलेट्स उतरत असतील तर कडकपणाचा आकडा काहीही असो, डॉक्टर सावध होतील. मात्र ‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणजे फायब्रोसिस नाही, असा अर्थ काढू नका.

आता बायोप्सी. माझा धंदा स्कॅनचा, तरी दोन वेळा मी स्वतःच बायोप्सीच्या बाजूने उभी राहते. एक, निदानाच्या वेळी. ती तुमची झाली आहे. त्या वेळी विल्सनच्या आजाराची (शरीरात तांबं साठण्याच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी, म्हणजे सेरुलोप्लाझमिन (रक्तातलं तांबं वाहणारं प्रथिन), लघवीतलं तांबं आणि डोळ्यांची तपासणी, झाली होती ना हे फाइलमध्ये एकदा पाहून घ्या. या वयात तो आजार हुबेहूब ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखा येऊ शकतो आणि कोणताही स्कॅन दोघांत फरक करून देत नाही. दुसरी वेळ म्हणजे औषधं पूर्ण थांबवण्याआधी. रक्ताचे आकडे सुधारल्यावरही सूक्ष्मदर्शकाखाली सूज बराच काळ मागे रेंगाळते. अशा रेंगाळलेल्या सुजेवर औषधं बंद केली की आजार उलटण्याची शक्यता मोठी. थोडीशी शिल्लक सूज कडकपणाच्या आकड्यात दिसेलच असं नाही, ५.५ किलोपास्कलच्या यकृतातही ती असू शकते. म्हणूनच मुलांमध्ये थांबवण्याचा विचार किमान दोन-तीन वर्षं एसजीपीटी आणि आयजीजी दोन्ही सलग नॉर्मल राहिल्यावर आणि अँटिबॉडीज नाहीशा झाल्यावर किंवा अगदी कमी उरल्यावरच करतात, आणि त्याआधी बायोप्सी करून बघतात. तोवर तुमची मुलगी सतरा-अठराची होईल. बऱ्याच मुलांचा विषय तिथवर पोचतच नाही, कमी डोसवर ती छान राहतात आणि कोणी थांबवायला जात नाही. म्हणून म्हटलं की तो निर्णय आजचा नाही.

या दोन टोकांच्या मधल्या काळात मात्र स्कॅनने खरोखर बायोप्स्या वाचवल्या आहेत. पूर्वी ‘आत काय चाललंय’ म्हणून मध्येच सुई टोचायचे. आता रक्त सुधारतंय आणि कडकपणा स्थिर आहे किंवा उतरतो आहे, असं दिसलं की कोणी त्या वाटेला जात नाही. आकडा चढला तर? आधी पुन्हा मोजायचं, उपाशी पोटी, त्याच यंत्रावर. मग एसजीपीटी आणि आयजीजी. आणि मग मुलीला शांतपणे, न रागावता, विचारायचं की गोळ्या रोज घेतल्या जातात का. या वयात गोळ्या चुकवण्याचं प्रमाण मोठं असतं, त्यातून स्टिरॉइडने चेहरा सुजलेला असेल तर आणखीच. अझाथायोप्रिनचं प्रमाण रक्तात तपासता येतं, त्यावरूनही कळतं. एवढं सगळं करूनही कोडं सुटलं नाही तर बायोप्सीला अर्थ आहे.

किती वेळा मोजायचं? फायब्रोसिस हळू चालतो, त्यामुळे सगळं स्थिर असताना वर्षातून एकदा, फार तर दोनदा. दर महिन्याला मोजून हाती येतो तो यंत्राचा चढउतार आणि घरच्यांची झोप उडते. एमआरसीपी पुन्हा कधी, हे पहिल्यात काय दिसतं यावर अवलंबून आहे. स्वच्छ आलं तर गॅमा जीटी चढणं, अंगाला खाज, थंडी वाजून ताप, शौचातून रक्त किंवा महिनोन्‌महिने जुलाब यांपैकी काही झाल्यावर.

एमआरआयच्या दिवसाची तयारी: चार तास काही खायचं-प्यायचं नाही, म्हणजे पित्ताशय भरलेलं राहतं आणि पोटातल्या द्रवाची चमक चित्रात घुसत नाही. एकूण साधारण पाऊण तास. श्वास सोडून पंधरा-वीस सेकंद थांबण्याचा सराव घरी आठवडाभर करून घ्या; चित्र चांगलं येण्यात याचा वाटा यंत्राइतकाच आहे. इलास्टोग्राफी करणार असतील तर उजव्या बरगड्यांवर एक चपटी चकती बांधतात, ती थरथरते, दुखत नाही. मुलीला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर दचकून श्वास सुटतो. दातांना तारा असतील तर त्या एरवी पोटाच्या चित्रात अडथळा आणत नाहीत, पण तंत्रज्ञांना सांगा. पंधराव्या वर्षी भूल लागू नये. नलिका आणि कडकपणा पाहायला गॅडोलिनियमचं (चित्र उठावदार करणाऱ्या द्रव्याचं) इंजेक्शन लागत नाही. फॉर्मवर ते लिहिलेलं दिसलं तर कशासाठी ते विचारा, काही वेळा योग्य कारण असतंही. या सगळ्यात किरणोत्सर्ग अजिबात नाही, त्यामुळे पुन्हा करावं लागलं तरी त्या बाजूने चिंता नको.

रिपोर्टच्या कागदासोबत मूळ चित्रांची सीडी किंवा फाइल मागून घ्या आणि फायब्रोस्कॅनच्या प्रत्येक कागदावर प्रोब, आयक्यूआर आणि त्या दिवसाचं एसजीपीटी लिहून ठेवा. आयजीजी, गॅमा जीटी आणि पहिल्या बायोप्सीतली फायब्रोसिसची पायरी कळवलीत तर ८.२ बद्दल मी याहून नेमकं सांगू शकेन. नाव आणि रुग्णालयाचा क्रमांक झाकून मगच फोटो टाका.